भोपळ्याची ब्राउनी आणि जमाखर्चाचे खरे खाते

लातूरच्या गंजगोलाईत जेथे सोळा रस्ते येऊन मिळतात, तेथील दुकानांचे दिवे लागण्यापूर्वीच मागच्या गल्ल्यांतील जैन घरांत पानावरून उठण्याची वेळ झालेली असते. अशा वेळी शिकवणीहून परतलेला नातू पाठीवरच्या पिशवीतून पुठ्ठ्याचा छोटा डबा काढतो. वर्गातील मित्राचा वाढदिवस होता, त्यातील एक ब्राउनी त्याने घरी आणलेली असते. आजी दोनच प्रश्न विचारते : “अंडे आहे का? आणि सूर्य मावळायला किती वेळ आहे?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर नातवाला ठाऊक नसते. डबा ओट्यावर तसाच राहतो. आजोबा त्याकडे पाहून नजर वळवतात, कारण गेल्याच महिन्यात त्यांच्या रक्तातील साखरेचा अहवाल आलेला असतो.

हे दृश्य एका घराचे नाही. ‘लातूर पॅटर्न’मुळे हे शहर विद्यार्थ्यांचे झाले, शिकवणी वर्गांभोवती खाण्याची दुकाने उभी राहिली, आणि नांदेडच्या वजिराबादेतही तीच चव पोहोचली. मुलांना सरसकट नकार देणे सोपे असते. तथापि नकार घराबाहेर पडताच विरून जातो. म्हणून अनेक सुना आता घरीच ब्राउनी करू लागल्या आहेत. त्यांतील एक प्रकार सध्या विशेष चर्चेत आहे : मैद्याचा एकही चमचा न घालता भाजीची ब्राउनी.

ब्राउनीचा जन्म अमेरिकेतील शिकागोचा मानला जातो. तेथे १८९३ मध्ये जागतिक कोलंबियन प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर यांनी आपल्या पतीच्या पामर हाऊस या हॉटेलातील आचाऱ्यांना, डब्यातून नेता येईल व हातात धरून खाता येईल असा केकचा लहान तुकडा करण्यास सांगितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. ‘ब्राउनी’ हे नाव आणि आजची कृती त्यानंतर रूढ झाली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, शिकागोत सर्वधर्म परिषद भरली आणि आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराज यांचे प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी यांनी तेथे जैन दर्शन मांडले. एका शहरातून, एकाच वर्षी, एक मिठाई आणि एक विचार जगापुढे आला. त्या दोहोंची गाठ सव्वाशे वर्षांनंतर मराठवाड्यातील स्वयंपाकघरात पडत आहे.

भाजी घालून गोड पदार्थ भाजण्याची कल्पना परकी मानण्याचे कारण नाही. लाल भोपळ्याचे घारगे, दुधीचा हलवा आणि दुधीच्या वड्या घरोघरी होतात. कोकणात काकडी किसून, रवा व गूळ घालून, खाली-वर निखारे ठेवून धोंडस भाजतात. तो एक प्रकारे आपला देशी केकच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग झाले, तेव्हा तेथील गृहिणींनी केकमध्ये गाजर घालून गोडवा आणला. टंचाईने शिकवलेली ती युक्ती आज आरोग्याच्या नावाने परत आली आहे.

अडचण येथूनच सुरू होते. ‘आरोग्यदायी’ म्हणून ज्या कृती सांगितल्या जातात त्यांत मैद्याऐवजी बहुधा रताळे, बीट किंवा गाजर असते. साखरेऐवजी मध, तेलाऐवजी लोणी आणि पीठ बांधून ठेवण्यासाठी अंडे असते. कंदमूळ हे अनंतकाय, मध आणि लोणी हे बावीस अभक्ष्यांतील, आणि अंड्याचा तर प्रश्नच नाही. म्हणजे डॉक्टरला दाखवण्यास योग्य असलेली कृती आजीला दाखवता येत नाही. राजमा किंवा सोयाबीन वाटून केलेल्या ब्राउनीचीही एक कृती आहे आणि सोयाबीनच्या बाजारपेठेचे गाव असलेल्या लातुरात ती सहज सुचते. पण अंड्याऐवजी तीत कच्चे दही घातले की द्विदलाचा दोष येतो. दही न घालता केली तर ती हरकत राहत नाही, हे ध्यानात ठेवावे.

बाजारातून आणतानाही एक समज दूर करणे आवश्यक आहे. वेष्टनावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो आणि अंडे असल्यास तो लावता येत नाही, हे खरे. परंतु मध, लोणी व कंदमुळे असलेल्या पदार्थावरही हिरवाच ठिपका असतो. तो शाकाहाराची खूण आहे, जैन आहाराची नव्हे. म्हणून ठिपक्याबरोबर बारीक अक्षरातील घटकांची यादीही वाचली पाहिजे.

मैदा टाळण्यामागे आपल्या परंपरेत आणखी एक कारण सापडते. शोधाचा आहार घेणाऱ्या दिगंबर घरांत दळलेल्या पिठाची मर्यादा ठरलेली आहे : पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७. गिरणीतून पिशवीबंद होऊन, गोदामातून दुकानात व दुकानातून घरात येणारा मैदा या मर्यादेत कसा बसणार? त्या मानाने सकाळी बाजारातून आणलेला भोपळा आणि त्याच दिवशी घरी केलेला दाण्याचा कूट हे मर्यादेच्या अधिक जवळचे आहेत. कोकोची भुकटी मात्र डबाबंदच मिळते. त्यामुळे कडक शोध पाळणाऱ्यांसाठी ही कृती नाही, हे प्रांजळपणे सांगितलेले बरे.

आता मूळ प्रश्न : भाजी मैद्याची जागा घेऊ शकते काय? मैदा दोन कामे करतो. त्यातील चिकटपणा मिश्रणाला बांधतो आणि त्यातील पिष्ट ओलावा शोषून घेते. भोपळा यांपैकी एकही काम धडपणे करत नाही, कारण लाल भोपळ्यात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि दुधीत त्याहूनही अधिक. म्हणून नुसता कीस घालून भाजले तर हाती ओला गोळा येतो. भाजीतील पाणी आटवणे आणि बांधण्यासाठी दुसरे काही देणे, या दोन गोष्टी साधल्या तरच ब्राउनी जमते. बांधण्याचे काम मराठवाड्याच्या परिचयाचे जवस करते. त्याची पूड कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवली की बुळबुळीत होते आणि अंड्याची उणीव भासू देत नाही. उरलेले काम शेंगदाण्याचा कूट करतो.

साहित्य : सोललेला, बिया काढलेला लाल भोपळा ४०० ग्रॅम, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचा बारीक कूट १०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको भुकटी ४० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, तूप २ मोठे चमचे, जवसाची पूड २ मोठे चमचे व कोमट पाणी ५ मोठे चमचे, बेकिंग पावडर १ सपाट लहान चमचा, चिमूटभर मीठ.

कृती : भोपळ्याच्या फोडी पाणी न घालता वाफवाव्यात, घोटून घ्याव्यात आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतून २५० ग्रॅमपर्यंत आटवाव्यात. चमचा ओढला असता मागे वाट राहिली पाहिजे. खाली उतरवून गरम असतानाच गूळ व तूप मिसळावे. कोमट झाल्यावर भिजलेले जवस, कूट, चाळलेला कोको, मीठ आणि शेवटी बेकिंग पावडर घालावी. तुपाचे बोट लावलेल्या सात इंची चौकोनी भांड्यात मिश्रण ओतून, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास कढईत मिठाचा थर पसरून, त्यावर जाळी व भांडे ठेवून, झाकण घालून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे लागतात. सुरी घालण्याची घाई करू नये. ही ब्राउनी गरम असताना विस्कटते. पूर्ण निवल्यावर, चार आडव्या व चार उभ्या ओळी येतील असे सोळा चौकोन पडतात.

ज्या घरी लाल भोपळा घेत नाहीत तेथे दुधी चालतो. कापल्यावर प्रथम त्याचा लहानसा तुकडा चाखावा. कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा, कारण कडू दुधी विषारी असतो. चांगल्या दुधीचा कीस पिळून उरलेले पाणी मात्र टाकू नये. ते कणकेत किंवा वरणात घालावे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली रेल्वेगाडी ज्या शहराने पाहिली, त्या शहराला वाटीभर पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. नांदेडकरांना अर्धापूर भागातील कच्ची केळीही हाताशी आहेत. वाफवलेले कच्चे केळे भोपळ्यापेक्षा चांगले बांधते. मात्र त्यात पिष्ट अधिक असल्याने मधुमेह असलेल्यांनी भोपळाच पसंत करावा.

आता जमाखर्च मांडू या, कारण ‘मैदा नाही’ एवढ्यावर समाधान मानण्याची सवय व्यापाऱ्याला शोभणारी नाही. घरगुती बिनअंड्याच्या नेहमीच्या ब्राउनीत साधारणतः १०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम तूप, ४० ग्रॅम कोको व थोडे दही असते. एकूण उष्मांक सुमारे २२०० होतात. वरील भोपळ्याच्या ब्राउनीचे सुमारे १५०० होतात. सोळा तुकडे केल्यास पहिल्यात प्रत्येकी १३५ ते १४० आणि दुसऱ्यात ९० ते ९५. ताळेबंद समाधानकारक दिसतो. पण बचत झाली कोणत्या खात्यावर?

मैद्याच्या खात्यावर मुळीच नाही. १०० ग्रॅम मैद्याचे उष्मांक सुमारे ३५०. त्याऐवजी आलेल्या भोपळ्याचे १०० आणि दाण्याच्या कुटाचे ५६५ मिळून ६६५ होतात. म्हणजे या खात्यावर खर्च वाढलाच. खरी बचत तुपाच्या खात्यावर सुमारे ६३० आणि साखरेच्या खात्यावर सुमारे ४०० अशी झाली. तूप कमी करता आले ते दाण्यातील तेलामुळे, आणि गोड कमी करता आले ते घरातील माणसांनी कमी गोड चालवून घेतले म्हणून. मैदा काढून साखर तेवढीच ठेवणारा मनुष्य एका खिशातील पैसे दुसऱ्या खिशात घालतो आणि त्याला उत्पन्न म्हणतो.

तरीही मैदा गेल्याचा लाभ आहेच. तो वेगळ्या वहीत लिहावा लागतो. पिष्ट व शर्करा मिळून जेथे सुमारे २९० ग्रॅम जात होते, तेथे आता १६० च्या आसपास जाते. शिवाय दाण्यांतून प्रथिने आणि भोपळ्यातून तंतू व ‘अ’ जीवनसत्त्वाचे घटक मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचवले की वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावे. ५ टक्क्यांवर, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमवर आणले तर अधिक उत्तम. नेहमीच्या ब्राउनीच्या एका तुकड्यात साडेबारा ग्रॅम साखर असते. दोन तुकड्यांत दिवसाची मर्यादा संपली, चहा अजून व्हायचाच आहे! भोपळ्याच्या तुकड्यात सहा ग्रॅमच्या आसपास गूळ येतो. मात्र गूळ हे औषध नव्हे. रक्तातील साखरेच्या दृष्टीने तो साखरेचा सख्खा भाऊच आहे.

हा हिशेब वरवर पाहण्याजोगा नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. दिवसभर गादीवर बसून व्यवहार करणारी, आल्यागेल्याला चहा देणारी आणि त्याच्यासोबत स्वतःही घेणारी व्यापारी घरे या आकड्याच्या बाहेर कशी राहतील? ज्यांचे औषधोपचार सुरू आहेत त्यांनी भोपळ्याच्या ब्राउनीलाही गोडच समजावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारूनच तिची जागा ठरवावी.

आपल्या शास्त्रकारांनी बाह्य तपात ऊनोदरी सांगितली आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी घेणे म्हणजे ऊनोदरी. रसपरित्यागही सांगितला आहे. मैद्याला पर्याय शोधण्यात बुद्धी लागते. चौकोन लहान कापण्यात आणि दुसरा न उचलण्यात संयम लागतो. पहिल्याशिवाय दुसरे साधेल, दुसऱ्याशिवाय पहिले व्यर्थ आहे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणाऱ्या घरांत या ब्राउनीलाही आपोआप सुट्टी मिळते, आणि महिन्यातून काही दिवस गोडाशिवाय जातात हाही लाभच.

एक गोष्ट शेवटी. मिश्रणात ओलावा असल्याने ही ब्राउनी टिकाऊ नाही. दुसऱ्या दिवशी ती वासी ठरते, म्हणून ज्या दिवशी केली त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी संपवावी लागते. सोळा तुकडे एका घरात संपत नाहीत. ते शेजारी, दुकानातील मुनीमजींना, नातवाच्या मित्रांना द्यावे लागतात. ओट्यावर पडून राहिलेल्या त्या पुठ्ठ्याच्या डब्याला हेच उत्तर योग्य. पुढच्या वाढदिवसाला नातवाने तो घरची ब्राउनी भरून वर्गात न्यावा. आजीला प्रश्न विचारावा लागणार नाही, आजोबांनाही अर्ध्या तुकड्यासाठी नजर वळवावी लागणार नाही, आणि दिलेला डबा आपल्याकडे रिकामा परत येत नाही.