उत्प्रेरक म्हणजे जादूगार नव्हे!

मित्रांनो, आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. कॅटॅलिस्टला 'उत्प्रेरक' म्हणतात हे मला सेमिनारच्या आदल्या रात्री रूममेटने सांगितलं!

विषय होता, कोळशापासून द्रवरूप इंधन. वाफ आणि ऑक्सिजन वापरून कोळशाचा गॅस करायचा, तो साफ करून लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून न्यायचा, की डिझेल तयार. फिशर आणि ट्रॉप्श या शास्त्रज्ञांनी जर्मनीत १९२५ च्या सुमारास ही प्रक्रिया शोधली. दक्षिण आफ्रिकेत सासोलने १९५५ पासून ती मोठ्या प्रमाणावर चालवली.

शेवटच्या स्लाइडवर मी ऐटीत लिहिलं होतं, 'चांगला उत्प्रेरक = स्वच्छ इंधन'. सरांनी एकच प्रश्न विचारला, "उरलेला कार्बन कुठे गेला?" मी गप्प!

उत्तर नंतर कळलं. डिझेलमध्ये एका कार्बनमागे साधारण दोन हायड्रोजन असतात, कोळशात एकाहूनही कमी. कमी पडलेला हायड्रोजन पाण्यातून घेतला, की पाण्यातला ऑक्सिजन कोळशातलाच कार्बन सोबत घेऊन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. उत्प्रेरक वेग वाढवतो, नको असलेला मिथेन कमी करतो. पण हा हिशेब बदलणं त्याच्या हातात नाही. त्यात गॅसमध्ये गंधक राहिलं, तर बिचारा स्वतःच निकामी होतो.

मग संशोधन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. आपण बहुतेक कच्चं तेल आयात करतो, आणि कोळसा तर चंद्रपूर-यवतमाळलाच आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोळशाच्या गॅसीकरणासाठी ८,५०० कोटी रुपये मंजूर केले. पण माझ्या मते खरा प्रश्न हायड्रोजनचा आणि कार्बनचा आहे. आपल्या शेजारी खोपोलीला १९१५ पासून पाण्यावर वीज तयार होते. तेवढी वीज पुरणार नाही, पण वाट तीच. स्वच्छ विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन घ्यावा. आणि कार्बन? तो कर्जतच्या भाताच्या तुसातही आहे, आणि भाताने तो हवेतूनच घेतलेला असतो. तुसाचा गॅस नीट साफ केला तर हेच उत्प्रेरक तिथेही चालतील.

म्हणून प्रोजेक्टचे विषय ठरवताना स्लाइडवर 'स्वच्छ' लिहिण्याआधी कार्बनचा हिशेब मांडा. माझा विषय ठरलाय... भाताचं तूस. ग्रुपमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. कोण येतंय?