गणिताला रोजची वेळ हवी

शाळा सुरू होऊन महिना झाला की यावलमध्ये आईबाप एकमेकांना विचारू लागतात, ‘गणिताला कोणता ऑनलाइन क्लास लावला?’ क्लासचं नाव विचारलं जातं, फी विचारली जाते. पोर रोज किती वाजता बसणार, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मला वाटतं, सगळ्यात आधी तेच ठरवावं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो बापाच्या खिशात असतो. शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बाप पाणी भरायला मळ्यात जातो, फोनही त्याच्याबरोबर जातो. क्लास बुडतो. ‘रेकॉर्डिंग उद्या पाहून घे’ म्हणतात, उद्या पाहुणे येतात, आणि चार दिवसांची गणितं रविवारवर जातात. केळीला ठिबकनं रोज थोडं पाणी देणारा शेतकरी महिन्याचं पाणी एका दिवशी सोडत नाही. गणिताचंही तसंच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकानं स्वतःवर प्रयोग करून 1885 साली दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरलं जातं, आणि थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी केली तर टिकतं.

म्हणून पाचवी-सहावीच्या मुलाला रोज पंचवीस मिनिटं पुरेत, पण ती ठरलेल्या वेळी. फोन त्या वेळी घरात राहील, हे बापानं ठरवायचं. पडद्यावर शिक्षक गणित सोडवतात तेव्हा मुलाला वाटतं, आपल्याला आलं. ते खरं आहे का, हे फोन बाजूला ठेवून तेच गणित कोऱ्या पानावर सोडवल्यावरच कळतं. काल चुकलेलं गणित आज सगळ्यात आधी घ्यायचं. आणि शेवटी आजीजवळ जाऊन बसायचं. ‘मले सांग बरं, हे कसं केलं?’ असं आजीनं विचारलं की मुलाला प्रत्येक पायरी बोलून दाखवावी लागते, आणि जिथं तो अडखळतो तिथंच त्याचं कच्चं असतं. आजी शाळेत गेली नसेल तरी हे काम तिच्याइतकं चांगलं कुणी करत नाही. ज्या घरात आजोबांना अजून पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे येतात, तिथं ते म्हणून घ्यावेत.

शिकवणी निवडताना एवढंच पाहा, की तो शिक्षक मुलाची वही तपासतो का. नुसते व्हिडिओ पाठवणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. आणि आपल्या मळ्यातलं गणितही त्या वहीत येऊ द्या. एकरात 43,560 चौरस फूट. सहा बाय पाच फुटांवर केळी लावली तर झाडं किती? 1,452. हे एकदा बापाबरोबर बांधावर उभं राहून काढलेलं पोर क्षेत्रफळ विसरत नाही.

2020 साली शाळा बंद होत्या, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. मुलं त्या वेळेला टीव्हीसमोर येऊन बसायची, आणि घरातले बाकीचे कार्यक्रम त्या वेळी बंद व्हायचे. मला त्या मालिकेतली ही ठरलेली वेळच सगळ्यात मोलाची वाटते.

पण डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवर रेंज नाही, आणि दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असली तर शांतता कुठून आणायची? मुलाला रोज अभ्यासाला बसवण्याची जबाबदारी एकट्या आईवर टाकणं बरोबर नाही, गावानंही ती उचलावी. गावानं शिक्षणाला हातभार लावण्याची आपल्याच जिल्ह्यात फार जुनी वाट आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. निकुंभ राजा सोइदेवानं 1207 साली त्याला दान दिलं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तिथल्या शिलालेखात गावच्या बाजारातल्या मालावरचा वाटा आणि घाण्यावरचं तेल या मठाला लावून दिल्याची नोंद आहे, आणि तो भाग जुन्या मराठीत आहे. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा गणिताचा ग्रंथ शिकवणारी जागा चालावी म्हणून आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या बाजारानं आपला हिस्सा दिला.

यावलची बाजार समिती, तालुक्यातल्या विकास सोसायट्या आणि ग्रामपंचायती यांना म्हणून माझी विनंती आहे. गावात एक खोली द्या, एक मोठा पडदा आणि चालणारं नेट द्या, आणि संध्याकाळी सात ते आठ मुलांजवळ बसायला गावातल्याच एखाद्या शिकलेल्या ताईला मानधन द्या. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या.