घरसंसार : तिच्यासाठी फळांचा गुच्छ

भगिनींनो, या सदरातून दर आठवड्याला आपण तुमच्याशी बोलतो. आजचे पान मात्र वाचून झाले की घरच्या मालकांच्या हाती द्या.

आपल्या घरांत लग्नाचा वाढदिवस कसा होतो? कुणाला आठवलाच तर संध्याकाळी मटण शिजते, नाहीतर खीर होते. पण ते रांधते तीच, जिचा तो दिवस असतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरेल ते तिच्या ताटात येते. दिवस दोघांचा असेल तर त्या एका दिवशी तरी तिला आयते मिळावे, एवढेच आज आमचे मागणे आहे.

ज्या भावांना चहापलीकडे काही करता येत नाही, त्यांनाही जमेल असा पदार्थ मुद्दाम निवडला आहे. तो म्हणजे चॉकलेटमध्ये बुडवलेल्या फळांचा गुच्छ. यात फोडणी नाही, लाटणे नाही. हात स्वच्छ हवेत आणि थोडा धीर हवा.

फुलांऐवजी फळे काड्यांना खोचून केलेला हा गुच्छ अमेरिकेत फार चालतो. तारिक फरीद नावाचे गृहस्थ लहानपणी पाकिस्तानातून तिकडे गेले. आधी त्यांनी फुलांचे दुकान चालवले आणि १९९९ साली कनेटिकट राज्यातील ईस्ट हेवन गावी फळांच्या गुच्छांचे दुकान काढले. पुढे त्याच्या शेकडो शाखा झाल्या. आता आपल्या मोठ्या शहरांतही असे गुच्छ विकत मिळतात, पण त्यांची किंमत बहुधा दिवसाच्या रोजीहून जास्त असते. घरी केला तर फळांचे आणि चॉकलेटचे पैसे लागतात, तेवढेच.

१४ फेब्रुवारीला तरुण मंडळी प्रेमाचा दिवस पाळतात. त्या सुमारास आपल्याकडे फळेही भरपूर असतात. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी (तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले), नाशिक-सांगलीकडची द्राक्षे, नागपुरी संत्री, सगळे बाजारात असते. केळी तर बारमाही. पपई आणि कलिंगड मात्र यात घेऊ नये. त्यांना पाणी सुटते आणि चॉकलेट घसरते.

साहित्य : मध्यम आकाराच्या स्ट्रॉबेरी १५, जराशी कडक केळी २, बिनबियांची द्राक्षे १ वाटी, संत्रे १, कंपाऊंड चॉकलेट ३०० ग्रॅम, बांबूच्या काड्या ३०, कोबीचा गड्डा १, थोडा पुदिना, भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट.

कंपाऊंड चॉकलेट केकचे सामान विकणाऱ्या दुकानात लादीच्या रूपात मिळते. खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे लोणी असते. ते वितळवून पुन्हा घट्ट करताना उष्णता नेमकी सांभाळावी लागते, नाहीतर वर पांढरट डाग पडतात. कंपाऊंडमध्ये त्याऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते. चव थोडी उणी, पण ते वितळवले की आपोआप नीट घट्ट होते. शिकाऊ हातांना तेच बरे.

कृती : फळे धुवून स्वच्छ पंचाने एकेक टिपावीत. स्ट्रॉबेरी पाण्यात भिजत ठेवू नये आणि तिची हिरवी टोपी काढू नये. संत्र्याच्या फोडींवरच्या शिरा काढाव्यात, पण पातळ पापुद्रा फाटू देऊ नये. केळ्याचे दोन बोटे लांबीचे तुकडे अगदी शेवटी करावेत. फळे फ्रिजमध्ये असतील तर अर्धा तास आधी बाहेर काढावीत. थंड फळाला बाहेर दव सुटते, म्हणून टिपायचे काम त्यानंतर करावे.

पाण्याबद्दल इतकी सावधगिरी कशासाठी? वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे कण चरबीत मोकळे असतात. पाण्याचा एखादा थेंब पडला तरी ते एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा घट्ट, खरखरीत गोळा होतो. तसे झालेच तर फेकून देऊ नये. गरम दूध घालून घोटावे, मुलांना पावाला लावायला होते. फळे बुडवायला मात्र ते चालत नाही.

चॉकलेटचे बारीक तुकडे करावेत. पातेल्यात दोन बोटे पाणी तापवावे आणि उकळी येऊ लागली की गॅस बंद करावा. त्यावर कोरडे स्टीलचे भांडे असे बसवावे की तळ पाण्याला लागणार नाही. त्यात चॉकलेट घालून कोरड्या चमच्याने सावकाश हलवावे. थेट गॅसवर ठेवले तर ते करपते. फार दाट वाटले तर लहान चमचाभर बिनवासाचे तेल घालावे.

फळाला देठाच्या बाजूने काडी खोचावी. दोन-तीन द्राक्षे एका काडीत ओवावीत. फळ दोन तृतीयांश बुडवून, भांड्याच्या काठावर काडी हलकेच आपटून जास्तीचे चॉकलेट निथळू द्यावे. ओले आहे तोवर काही फळे शेंगदाण्याच्या कुटात घोळवावीत. कोबीचा गड्डा मधोमध कापून एक भाग पालथा ठेवावा आणि काड्या त्यात उभ्या खोचाव्यात. फ्रिजमध्ये दहा-पंधरा मिनिटांत चॉकलेट घट्ट होते. फ्रिज नसेल तर फेब्रुवारीतल्या संध्याकाळी खिडकीशी ठेवावे, जरा जास्त वेळ लागतो, इतकेच.

मग तोच कोबी एखाद्या तांब्यात किंवा मातीच्या कुंडीत घट्ट बसवावा. उंच काड्या मध्ये, आखूड काड्या कडेने. फटीत पुदिना आणि कोबीची बाहेरची पाने खोवावीत. शोभेच्या झाडांची पाने लावू नयेत. त्यांतली काही विषारी असतात. गुच्छ त्याच दिवशी संपवावा. कोबीचा उरलेला भाग भाजीला होतो.

घरातल्या बाईला साखरेचा आजार असेल तर तिच्या वाट्याच्या स्ट्रॉबेरी चॉकलेटशिवाय ठेवाव्यात आणि केळ्या-द्राक्षांऐवजी पेरूच्या फोडी लावाव्यात. काळ्या, कडवट कंपाऊंडमध्येही साखर असते, हे ध्यानात असू द्यावे.

आपल्यातली पुष्कळ लग्ने मुलांच्या शाळांच्या सुट्टीत, एप्रिल-मे महिन्यात झालेली असतात. तेव्हा स्ट्रॉबेरी संपलेली असते आणि उन्हाने चॉकलेट हातात वितळते. अशा वेळी केळ्याच्या तुकड्यांना काड्या खोचून ते बर्फाच्या कप्प्यात चार तास ठेवावेत. बाहेर काढले की लगेच चॉकलेटमध्ये बुडवावेत. गारठलेल्या केळ्यावर ते पाहता पाहता कडक होते. हे लगेच खावे लागते, पण मेच्या दुपारी त्यासारखे दुसरे काही नाही.

आता भावांना शेवटच्या तीन गोष्टी. पहिली, मुलांचा वाटा आधीच वेगळ्या ताटलीत काढून ठेवा. नाहीतर गुच्छ हाती येताच ती सवयीने वाटायला बसेल आणि तिच्यासाठी रिकाम्या काड्या उरतील. मुलांच्या हाती देताना काड्या काढून घ्या, टोके बोचतात.

दुसरी, चॉकलेटचे भांडे मोरीत टाकून मोकळे होऊ नका. ते आधी कागदाने पुसा, म्हणजे चरबी नळीत बसणार नाही, मग गरम पाण्याने आणि साबणाने घासा. तिला खरकटे घासायला लावले, तर तुम्ही दिलेले अर्धे परत घेतले असे होईल.

तिसरी गोष्ट चाळीतल्या हसण्याची. बायकोसाठी गडी माणूस फळे पुसत बसला, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. तुमचा मुलगा शेजारी बसून काड्या मोजत असेल, तर बायकोसाठी हाताने काही करायचे असते, हे त्याला त्या संध्याकाळी न सांगता कळेल. उद्या त्याच्या घरी येणाऱ्या लेकीला त्याचा उपयोग होईल.

मग दोघे बसा. पहिली स्ट्रॉबेरी तिला द्या, आणि ती खाऊन होईपर्यंत चहा मागू नका.