माळरानाची पावती कोण फाडणार?

आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या माणसाला लोक काहीही विचारतात. बँकेचा बोजा उतरवायला काय काय लागतं, मयत वडिलांच्या नावावरची गाडी आपल्या नावावर कशी करायची, चॉइस नंबर अजून शिल्लक आहे का. सगळं ऑनलाइन झाल्यापासून आमचा धंदा निम्म्यावर आला, पण प्रश्न काही कमी झाले नाहीत. हल्ली त्यांत एकाची भर पडली आहे. नवी थार किंवा जिम्नी, नाहीतर लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेऊन एखादं पोरगं येतं आणि बोटात किल्ली फिरवत विचारतं, "काका, ऑफ-रोडिंगचं परमिट काढायचंय. किती घ्याल?"

मी त्याला आधी खुर्ची देतो, कारण उत्तर लांबलचक आहे.

असं परमिट आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायद्यातलं परमिट ट्रकला, टॅक्सीला, बसला लागतं. घरच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला ते लागतच नाही. एवढं ऐकून पोरगं खूश होतं. म्हणजे गाडी कुठंही घालायची मोकळीक! तसंही नाही. १९८८ च्या कायद्याचं कलम ३९ म्हणतं की नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कुठल्याही ठिकाणी चालवायची नाही. यातलं 'इतर कुठल्याही' फार कमी जणांनी वाचलेलं असतं. शिवाय सार्वजनिक ठिकाण म्हणजे नुसता डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथं जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात बसते. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला एकानं मनालीची गर्दी टाळायला थार सरळ चंद्रा नदीत घातली, तेव्हा हिमाचल पोलिसांनी याच कायद्याखाली चलान फाडलं. नदीला कुठं साइडपट्टी होती?

तेव्हा कायदा रस्त्याच्या कडेला संपत नाही, तो गाडीच्या मागोमाग येतो. रस्त्याच्या कडेला संपतो तो आपला हक्क. आरसी बुक गाडीचं असतं, जमिनीचं नसतं. आणि आपल्या नगर जिल्ह्यात कुणाचीच नाही अशी जमीन एक गुंठाही सापडायची नाही. उघडा माळ दिसला की शहरातल्या माणसाला तो बेवारस वाटतो. सातबारा काढून बघितला की कळतं, तो वनखात्याचा आहे, पाटबंधारेचा आहे, गायरान आहे, संरक्षण खात्याचा आहे, नाहीतर कुणा मुंबईला राहणाऱ्या भावकीचा आहे.

भंडारदऱ्याचंच घ्या. शनिवारी पुण्या-मुंबईहून येणाऱ्या निम्म्या जीप तिकडं जातात. १९८६ पासून तो भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. सरकारी कामावरचा माणूस, आतल्या जमिनीचा हक्कदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेले, आणि सार्वजनिक हमरस्त्यानं जाणारा, असे थोडे अपवाद आहेत. म्हणून घाटघर, साम्रद, रतनवाडी असा रस्त्यानं फेरफटका मारणारा माणूस बिनघोर. तीच गाडी रस्त्यावरून चार हात खाली गवतात उतरली की तो माणूस अपवादातून बाहेर पडला. कलम २८ मध्ये परवानगी कशासाठी मिळते तेही लिहिलंय: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तिथल्या रहिवाशांशी रीतसर व्यवहार. चिखलात चाकं फिरवणं यात कुठं बसवायचं ते मला तरी सुचलेलं नाही, आणि अर्जात बसत नाही ते बसवणं हाच तर माझा धंदा. पुढं कलम २९ प्राण्यांचा अधिवास उद्ध्वस्त करायला मनाई करतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

गवताला एवढं काय झालंय, असं विचारणाऱ्यानं सप्टेंबरात रतनवाडीच्या अंगाला जाऊन बघावं. खाली कातळ, वर वीतभर माती, त्यावर सोनकी फुललेली. पावसात जीपनं एकदा चाकोरी पाडली की पुढच्या सरीला तिचा ओहळ होतो आणि माती जाते. खालचा कातळ उघडा पडला की तिथं पुन्हा काही उगवत नाही. तेच गवत डांगी जनावरं खातात. या जनावरांचं राजूरला दरवर्षी प्रदर्शन भरतं, त्यांच्यावर डांगाणातली घरं चालतात. चार इंच उचललेली, मडटायर लावलेली गाडी एका दुपारच्या करमणुकीसाठी ते रान नांगरून जाते आणि गावच्या माणसाला त्याचे दोन पैसेही मिळत नाहीत.

उन्हाळ्यात धरणं खाली गेली की दुसरा प्रकार. भंडारदरा असो, राहुरीचं मुळा असो, नेवाशाकडचा जायकवाडीचा फुगवटा असो, पाणी उतरलं की सपाट, भेगाळलेली जमीन उघडी पडते. ड्रोननं चित्रण करायला फार झकास. पण ती गाळपेराची जमीन असते. पाटबंधारे खातं ती हंगामापुरती लोकांना देतं, धरणात जमीन गेलेल्यांना आधी. कुणी चाऱ्याची मका टाकलेली असते, कुणी कलिंगडं. रात्री हेडलाइटच्या उजेडात वीतभर मका दिसत नाही. गाडीवाल्याला ते वाळवंट वाटतं.

एक गोष्ट मात्र या पोरांच्या बाजूनं बोललीच पाहिजे. या जिल्ह्यातले अस्सल ऑफ-रोडर म्हणजे वाळूचे डंपर. मुळा, प्रवरा, सीना, घोड यांच्या पात्रांत उतरणाऱ्या वाटा काही जीपवाल्यांनी पाडलेल्या नाहीत. रविवारी हौसेनं पाण्यात उतरलेल्या पोराला हटकायचं आणि रात्री नंबर प्लेटवर चिखल फासून जाणाऱ्या डंपरकडं काणाडोळा करायचा, असला न्याय कुणाला पटणार? पण डंपर जातो म्हणून माझीही गाडी जाणार, हा युक्तिवाद माझ्या टेबलाशी चालतो, कोर्टात चालत नाही.

दुसरी भानगड गाडीतल्या बदलांची. मोठी चाकं, उचललेलं सस्पेंशन, टपावर दिव्यांची पट्टी, पुढं लोखंडी बंपर आणि त्यात विंच. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीनं जी वैशिष्ट्यं ठरवून गाडी पास केली त्यांच्याशी विसंगत बदल कलम ५२ प्रमाणे चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. पुढचे लोखंडी गार्ड तर २०१७ पासूनच बेकायदा आहेत. गाडी विकायला काढली की हे सगळं अंगाशी येतं. मग मूळ चाकं कुठल्या गोठ्यात टाकली होती त्याची शोधाशोध सुरू होते.

विम्याचे कागद तर कुणी वाचतच नाही. खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात संघटित शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल यांना विमा लागू नाही. क्लबानं झेंडा दाखवून, वेळ मोजून, बक्षीस ठेवून कार्यक्रम केला की कंपनीला बोट ठेवायला जागा मिळाली. शिवाय सार्वजनिक ठिकाणी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय शर्यत घेणं किंवा तीत भाग घेणं हा कलम १८९ चा गुन्हा. २०२२ मध्ये केरळात वागमोनच्या चहामळ्यात परवानगीशिवाय भरवलेल्या ऑफ-रोड कार्यक्रमाबद्दल तिथल्या एका नामवंत सिनेनटाला मोटार वाहन खात्याची नोटीस आली होती. ओढ्यात इंजिनानं पाणी ओढलं तर तो खर्च साध्या पॉलिसीत मिळेल अशी आशा धरू नका. एवढं सांगून झालं की बहुतेक पोरं चहा पितात आणि जातात. जातात म्हणजे माळावरच जातात.

म्हणून माझं म्हणणं आहे की माळावर गाडी घालायची पावती असायला हवी, आणि ती आरटीओनं देऊ नये.

आपल्या नगरचं जरा गमतीशीर आहे. गाडी रस्त्यावर आणण्यालायक आहे की नाही याच्या चाचण्या घेणाऱ्या ज्या मोजक्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये लिहिल्या आहेत, त्यांतली एक इथंच आहे, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. रस्ता सोडून रणगाडा कसा हाकायचा ते शिकवणारं आर्मर्ड कोअरचं केंद्रही इथंच. रणगाड्यांचं संग्रहालय बघायला शाळांच्या सहली येतात. असल्या गावात साध्या माणसानं आपली जीप खडकावर कुठं चढवावी, याला मात्र जागा नाही. के. के. रेंजकडं बोट दाखवू नका. ते लष्कराचं गोळीबाराचं मैदान आहे, तिथं न फुटलेला गोळाही भेटायचा.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटेरस किनाऱ्यावर २०१२ पासून गाडी वाळूवर न्यायला परवाना घ्यावा लागतो. गाडी रस्त्यावर चालण्यालायक आणि नोंदलेली हवी, परवाना त्यानंतरचा. सोबत फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायला फळी आणि टायरची हवा मोजायचं साधन लागतं. वेग ताशी पंधरा मैल. पक्षी आणि समुद्री कासवं अंडी घालतात तेव्हा तेवढा किनारा गाड्यांना बंद. परवाना देणारा आहे तिथला राष्ट्रीय उद्यान विभाग, म्हणजे ज्याच्या ताब्यात ती वाळू आहे तो. ही गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी. ज्याची जमीन, त्याची पावती.

आपल्याकडं हे अजिबात जमणार नाही असं कुणी म्हणू नये. काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, भंडारदऱ्याला वनखातं नाक्यावर पैसे घेऊन पावती देतं आणि रात्रीच्या गाड्यांवर बंधनंही घालतं. गर्दी होते, कुरबुरी होतात, पण पावती फाडली जाते. मग जीपवाल्यांसाठी का नाही?

जागा कुठली, हे आधी नीट ठरवावं लागेल. अभयारण्य सोडा. कर्जतचं रेहेकुरी सोडा. काळविटांसाठी जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर राखलंय, त्याच्या आसपासही नको. गायरानाचंही नाव काढू नये, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर गायरान दुसऱ्या कामाला देणं सरकारलाही अवघड झालंय, आणि ते बरंच झालं. गाळपेर तर नकोच. उरतात बंद पडलेल्या खडीच्या खाणी आणि ज्यात कुसळंही धड उगवत नाहीत असे खाजगी मुरमाड तुकडे. पारनेर आणि नगर तालुक्यांत असले तुकडे पुष्कळ. जीपला हवा असतो तो चढ, उतार, खड्डा, दगड सगळं खाणीत तयारच आहे. तिथली माती आधीच गेलेली आहे, आता आणखी काय जायचंय?

जमीनमालकानं आणि ग्रामपंचायतीनं मिळून पावती द्यावी. तीवर गाडीचा नंबर, विम्याची मुदत, तारीख, वाट आणि चालकाचा फोन. अनामत घ्यावी आणि कुंपण मोडलं तर ती परत देऊ नये. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पुस्तक बंद. भाड्यानं आणलेल्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं नसतील तर ती आत घेऊ नये; पांढऱ्या पाटीच्या थार भाड्यानं फिरवायचा धंदा हल्ली जोरात आहे, तो तरी एका जागी पकडला जाईल. अकोले तालुक्याच्या अनुसूचित भागात असं काही करायचं झालंच तर पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला अधिकार दिलेत, तिच्या ठरावाशिवाय कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून नकाशावर रेघा मारू नयेत. ग्रामसभा नको म्हणाली तर विषय मिटला.

यावर ओळखीच्या एका निवृत्त वनपालांनी मला सुनावलं, "तुम्ही दार उघडून द्याल आणि उद्या तेच लोक पावती दाखवून जंगलात शिरतील." शक्य आहे. पण आज ते पावतीशिवाय शिरताहेत, आणि पकडल्यावर त्यांचा पहिला सवाल असतो, मग आम्ही जायचं कुठं? त्याला आज खात्याकडं उत्तर नाही. जायला जागा असूनही जो अभयारण्यात चाक घालतो त्याच्यावर गुन्हा नोंदवताना कुणाला अपराधी वाटायचं कारण उरणार नाही, आणि क्लबवालेही त्याच्या बाजूनं उभे राहणार नाहीत.

दुसरी शंका बायकोनं काढली. नवी खिडकी उघडली की तिच्याबाहेर नवा एजंट बसणार, तो तूच असशील. बरोबर आहे. म्हणूनच सांगतो, ही पावती एकपानी, मराठीत आणि हातानं भरता येईल अशी ठेवा. पोर्टल काढू नका, ओटीपी मागू नका, नमुना क्रमांक देऊ नका. पावतीपुस्तक ग्रामपंचायतीच्या शिपायाकडं, पैसे ग्रामनिधीत आणि जमीनमालकाच्या खात्यात. नोव्हेंबर उजाडला की एका खाणीपासून सुरुवात करून बघायला काय हरकत आहे?