चिरबोटी पिकली तर खावी, गाठीवर बांधू नये

खुरपायला जाणाऱ्या बायांना चिरबोटीची ओळख करून द्यावी लागत नाही. पावसाळ्यात बांधावर, वस्तीतल्या मोकळ्या जागेत ती आपोआप उगवते. कागदी कंदिलासारख्या फुगीर टरफलात तिचे गोल फळ असते. कुणी तिला रानपोपटी म्हणतात, कुणी थानमोडी. टरफल वाळून फळ पिवळे झाले की आंबटगोड लागते. पोरांनी हा फुकटचा मेवा जरूर खावा.

मात्र ही वांगी-टोमॅटोच्या कुळातली, आणि धोतराही त्याच कुळातला. हिरवे फळ आणि पाला पोटात गेला तर उलट्या, पोटदुखी होऊ शकते. तणनाशक फवारलेल्या शेतातले किंवा गटाराकाठचे फळही नको.

आता औषधाचे बोलू. तांदळाच्या धुवणात ही वनस्पती वाटून बाया छातीवर लेप लावत. कान दुखला की पाल्याचा रस तेलातून कानात घालत. ज्यांना दवाखान्याची पायरी चढणे अवघड होते, त्या आपल्या आज्यांकडे हाताशी हेच होते. त्यांच्या अनुभवाला आम्ही हसत नाही. या वनस्पतीतील द्रव्यांवर प्रयोगशाळेत संशोधनही झाले आहे. पण काचेच्या नळीत दिसलेला गुण म्हणजे माणसाला द्यायचे औषध नव्हे. किती द्यावे, कुणाला, किती दिवस, हे त्यातून ठरत नाही.

नर्स म्हणून काम करताना आम्ही लेप लावून थांबलेल्या बाया पाहिल्या आहेत. दूध साकळून छाती लाल झाली, ताप आला, तर बाळंतिणीने त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी थांबवले नसेल तर बाळाला पाजणे सुरू ठेवावे. न दुखणारी गाठ तर अजिबात अंगावर काढू नये. दुखत नाही म्हणून ती साधी असते असे नाही. फुटलेल्या, वाहणाऱ्या कानात कसलाही रस घालू नये. गरोदर बाईने पाल्याचा काढा घेऊ नये.

तिशी ओलांडलेल्या बाईच्या स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत करायची योजना आहे. आशाताईंना तारीख विचारा, चार जणी मिळून जा. तपासणी टाळली जात असेल तर जाब विचारा. दवाखाना मिळत नव्हता म्हणून लेप होता. त्या नाइलाजाला आपण परंपरा म्हणून मिरवू नये.