लग्न झालंय? मग निघा!

तामिळनाडूत श्रीपेरुम्बुदुर येथील फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात विवाहित महिलांना दारातूनच परत पाठवतात, अशी बातमी ‘रॉयटर्स’ने 2024 मध्ये दिली आणि कामगार खात्याला जाग आली. अधिकारी फॉक्सकॉनमध्ये जाऊन आकडे घेऊन आले. कामगार 41,281. त्यांत महिला 33,360. पैकी विवाहित 2,750, म्हणजे जेमतेम आठ टक्के. तरीही कंपनी म्हणते, आमच्याकडे भेदभाव नाही. मग तामिळनाडूतल्या मुलींनी लग्ने करणे सोडले आहे काय?

जास्त चीड आणते ती पद्धत. कंपनीच्या कागदावर काही नाही. भरती कंत्राटदारामार्फत, ‘अविवाहित हवी’ ही सूचना तोंडी आणि लग्न झालंय का, हे विचारायला फाटकावरचा सुरक्षारक्षक. समावेशकतेची धोरणे इंग्रजीत छापायची आणि खरा नियम रखवालदाराच्या तोंडून सांगायचा, याला व्यवस्थापन म्हणत नाहीत. ही लबाडी आहे.

कारणे काय, तर बाळंतपण, घरच्या जबाबदाऱ्या, खाडे आणि अंगावरचे दागिने. यंत्राजवळ धातू चालत नसेल, तर मंगळसूत्र आणि जोडवी पाळीपुरती काढून ठेवा असे सांगा, ठेवायला कुलपाचा कप्पा द्या. काढायची की नाही हे ती बाई ठरवेल. तिला न विचारताच तिच्या संस्कृतीच्या नावाने दार लावणारे तुम्ही कोण? शिवाय उत्पादनाची घाई असली की हीच अट सैल होते, असेही त्याच बातमीत आहे. तेव्हा जोडवी कशी चालतात?

हे युक्तिवाद नवे नाहीत. लग्न होताच महिला कामगारांनी नोकरी सोडावी, असा नियम मुंबईतल्या एका औषध कंपनीने केला होता. विवाहित बायका जास्त गैरहजर राहतात, हाच तिचाही दावा. सर्वोच्च न्यायालयाने तो 1965 मध्येच फेटाळला. समान वेतन कायद्याने 1976 मध्ये भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली, पण विवाहावरून भेद करण्यास त्यात मनाई नव्हती. बायकाच तर घेतो, मग भेदभाव कसला, असे म्हणायला कंपन्या मोकळ्या.

आपणही फार शहाणे नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे तिथे लग्न हवेच. पण खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. खाडा नको म्हणून बीडच्या मजूर बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याच्या आरोपावरून 2019 मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला, समिती बसली. मुकादमी तशीच आहे. कारखानदार मालक नाही, मुकादम मालक नाही, मग बाईने दाद मागायची कोणाकडे? तळेगावला होणारा वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प 2022 मध्ये गुजरातेत गेला तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी केवढा आक्रोश केला! त्यात नोकऱ्या कोणाला आणि कोणत्या अटींवर मिळणार होत्या, हे एकाने तरी विचारले काय?

फॉक्सकॉनच्या अध्यक्षांना 2024 मध्येच केंद्राने पद्मभूषण दिले. गुंतवणुकीचे स्वागत जरूर करा, पण पाहुणचार म्हणून कायदा गुंडाळून ठेवू नका. तामिळनाडू सरकारने या प्रकाराची चौकशी करून अहवाल जाहीर करावा आणि कंत्राटदाराच्या अशा भरतीसाठी मूळ कंपनीवर खटला भरावा. ‘विवाहित’ हा शब्द कायद्यात घालण्याचे काम केंद्राचे आहे. ते त्याने येत्या अधिवेशनातच करावे.