कायद्यातली कंटाळवाणी कलमं

एप्रिल २०२५ मध्ये ब्लू ओरिजिनच्या यानातून सहा जणी अंतराळाची फेरी मारून आल्या, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर विनोद फिरले ते गायिका केटी पेरीवर. त्याच यानात अमांडा न्गुयेन ही व्हिएतनामी वंशाची अमेरिकन तरुणीही होती. तिची खरी कामगिरी कायद्यातली आहे, आणि इथे मुलं शिकायला पाठवणाऱ्या प्रत्येक घराला ती माहीत असायला हवी.

२०१३ मध्ये हार्वर्डमध्ये शिकत असताना तिच्यावर बलात्कार झाला. तिने रुग्णालयात जाऊन तपासणी करून घेतली. या तपासणीत घेतलेले नमुने आणि इतर पुरावा ज्या पेटीत सीलबंद करतात, तिला इथे ‘रेप किट’ म्हणतात. लगेच पोलिसांकडे जायचं नाही, असं तिने ठरवलं. मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने खटल्यासाठी १५ वर्षांची मुदत होती. पण तक्रार नसलेलं किट मात्र सहा महिन्यांत नष्ट करायचा नियम! ते वाचवायचं तर मुदतवाढीचा अर्ज तिनेच करत राहायचा. गुन्ह्याला १५ वर्षं आणि पुराव्याला सहा महिने, असं हे गणित.

तिने २०१४ मध्ये ‘राइज’ ही संस्था काढली आणि थेट कायद्याचा मसुदाच हातात घेतला. सिनेटर जीन शाहीन यांनी विधेयक मांडलं, दोन्ही सभागृहांत एकही विरोधी मत न पडता ते मंजूर झालं आणि ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ओबामांनी त्यावर सही केली. त्यात नव्या शिक्षा नाहीत. तपासणीचे पैसे पीडितेकडून घ्यायचे नाहीत. किट खटल्याची मुदत संपेपर्यंत किंवा २० वर्षं, यांपैकी जे आधी येईल तोवर जपायचं. नष्ट करण्याआधी, तिने तसं लेखी मागितलं असेल तर, ६० दिवस आधी तिला कळवायचं. वाचायला कंटाळवाणं, पण जिचं किट आहे तिच्यासाठी यावरच सगळं अवलंबून.

मेख अशी, की हा कायदा केंद्राचा, आणि बलात्काराचे बहुतेक खटले चालतात राज्यांच्या कायद्यांखाली. म्हणजे हीच लढाई प्रत्येक राज्यात पुन्हा लढायची. किती गरज होती, ते डेट्रॉइटमध्ये दिसलं होतं. २००९ मध्ये तिथे पोलिसांच्या एका गोदामात ११,३४१ किट सापडली. बहुतेक कधी तपासलीच गेली नव्हती. सरकारी वकील किम वर्दी यांनी ती तपासायला लावली, तेव्हा एकाहून जास्त बायकांवर अत्याचार केलेले शेकडो संशयित पुढे आले. पहिलं किट वेळेत उघडलं असतं तर पुढच्या किती जणी वाचल्या असत्या?

मी राहतो त्या वॉशिंग्टन राज्यात (डी.सी. नव्हे, सिएटलवालं) हे काम तत्कालीन आमदार टीना ऑरवॉल यांनी चिकाटीने पुढे नेलं. २०१५ च्या कायद्याने पोलिसांना तक्रार झालेलं किट ३० दिवसांत तपासणीसाठी देणं बंधनकारक झालं. २०१६ च्या कायद्याने किटचा माग ठेवणारी राज्यव्यापी यंत्रणा आली. आता किटवर बारकोड असतो आणि ते रुग्णालयात आहे, पोलिसांकडे आहे की प्रयोगशाळेत, हे तिला घरबसल्या ऑनलाइन पाहता येतं, कुणाला फोन न करता.

धंद्याने सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, असली यंत्रणा लिहिणं फार अवघड नाही. पार्सलचा माग ठेवण्यासारखंच ते. अवघड असतं प्रत्येक रुग्णालयाला, पोलीस ठाण्याला आणि प्रयोगशाळेला नोंद करायला भाग पाडणं. कायद्यात ‘मे’ लिहिलंय की ‘शॅल’, म्हणजे नोंद करता येईल की केलीच पाहिजे, यावर सगळा डेटा खरा की खोटा ते ठरतं. राज्यातली दहा हजारांहून जास्त जुनी किट अखेर मार्गी लागली, तरी २०२३ उजाडावं लागलं.

अर्थात किट तपासलं म्हणजे न्याय मिळाला असं नाही. आरोपी बहुतेकदा ओळखीचा असतो, ‘तिची संमती होती’ म्हणतो, आणि तिथे डीएनए फारसं बोलत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांना ठाऊक नसते. ही तपासणी करून घ्यायला पोलिसांत तक्रार करावीच लागते असं नाही, आणि तिचे पैसे तिच्याकडून घ्यायचे नाहीत, असं केंद्राचा कायदाच राज्यांना सांगतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या, ‘पोलीस म्हटलं की व्हिसा गेला’ या धाकात राहणाऱ्या बाईला हे कुणीतरी आधी सांगून ठेवायला हवं. आपल्या मंडळात दिवाळी फराळाचे स्टॉल लागतात, त्यात असा एक कागद ठेवायला काय हरकत आहे?

आपल्याकडे असं काही झालंच नाही, असं मात्र म्हणू नका. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातलं १९७२ चं मथुरा प्रकरण, सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेलं अनावृत पत्र, आणि त्यातून १९८३ ची कायदादुरुस्ती. त्या चौघांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावं होती. पण अलीकडे आपला सगळा जोर फाशीवर. महाराष्ट्राचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर झालं, टीव्हीवर गाजलं, आणि राष्ट्रपतींच्या संमतीअभावी लागू झालंच नाही. याउलट जुलै २०२४ पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत दोन कामाची कलमं आहेत. कलम १८४ प्रमाणे डॉक्टरांनी वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याला पाठवायचा. कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडितेला कळवायचं, अगदी फोनवर मेसेज करूनही चालेल. गावाकडे कुणाला गरज पडली, तर वकिलाला या दोन कलमांबद्दल आवर्जून विचारायला सांगा. मला तरी यावर टीव्हीवर चर्चा झालेली आठवत नाही.

आता इथलं. ‘आपल्याला कुठे मत आहे?’ हे मी दर वेळी ऐकतो. मत नाही, खरं आहे. पण ऑलिम्पियात विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही. जानेवारीत अधिवेशन सुरू झालं की वेबसाइटवर विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात नाव नोंदवता येतं, झूमवरून साक्षही देता येते. वेळ मिळतो मिनिट-दोन मिनिटं, नंतर अध्यक्ष थांबवतात. राहिलेलं लेखी पाठवायचं, सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत.